पाणी आणि पाय

बाबांची वाचा गेली तेव्हा आम्ही जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये राहत होतो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. अर्धांगवायूनं उजवी बाजू आणि बोलणं गेलं. समज मात्र शाबूत होती. आई आदल्या वर्षी वारलेली. घरात आम्ही दोघंच, आणि मला शाळेची नोकरी.

रडत बसण्यापेक्षा मी कामाला लागले. त्यांना दिवसभरात काय लागतं याची यादी केली, पुठ्ठ्यावर तीस चौकोन आखले, एकेकात एकेक शब्द लिहिला. पाणी, चहा, लघवी, पंखा, पाय, पाठ, उशी. त्यांनी डाव्या हाताचं बोट ठेवायचं, मी ते काम करायचं.

त्यांच्याच खात्यात काम करणारे एक काका दर रविवारी दुपारी यायचे. पुठ्ठा पाहून म्हणाले, "बाई, यात बाराखडी कुठं आहे? चौथी शिकला आहे तो. जोडून जोडून सांगन ना."

"काका, एक गोष्ट सांगता सांगता सांज होईल."

"होऊ दे ना मंग! त्याले कोणती ड्युटी पकडाची आहे?"

बाबा अर्ध्या तोंडानं हसले. मी पुठ्ठा बदलला नाही. उलट काका आले की तो खुंटीला अडकवायची. चहा सांडून शब्द पुसले गेले असते.

एका रविवारी सकाळी बाबांनी 'पाणी'वर बोट ठेवलं, मग 'पाय'वर. पाणी दिलं, तोंड फिरवलं. पाय चेपले, चांगला पाय ओढून घेतला. मग मी बादली आणून पाय धुतले. पुन्हा तेच. पाणी, पाय. पाणी, पाय.

"आत्ताच तं धुतले, बाबा!"

तेव्हापासून रोज साडेपाचला पाय धुणं मी वेळापत्रकात टाकलं. एकही दिवस चुकवला नाही. चार महिन्यांनी त्यांनी पुठ्ठ्याला हात लावणंच सोडलं. सगळं वेळच्या वेळी मिळतंय, मागायचं काही उरलं नाही, असं मी काकांना अभिमानानं सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. राख पाण्यात शिरवायला वैनगंगेवर कारध्याला गेलो. सगळं आटोपल्यावर काका चपला काढून पाण्यात पाय सोडून बसले.

"तुह्या मायची राख इथंच शिरवली ना. मंग दर रविवारी आमी दोघं असेच येऊन बसत होतो. बोलत नव्हतो काही. तुले माहीत नाही?"

मला वाटायचं, दोघं बाजारात जातात.

"बिमार पडल्यावर मीच कधी विषय काढला नाही. म्हटलं, कायले उगाच त्याचा जीव जाळाचा. त्यानं कधी म्हटलं का पोरी, नदीवर न्या म्हणून?"

फॅक्टरीतल्या कोणाचीही जीप मिळाली असती. अर्ध्या तासाचं काम.

"नाही," मी म्हणाले.

काकांनी पाय पाण्याबाहेर काढले. "मंग भुलला असन," ते म्हणाले.