मशीन बिघडलंय, बदलून आणा

मंदिराच्या कळसाला लोक न मागता देतात. कुस्त्यांना देतात, गावजेवणाला देतात. हृदयरोगाच्या संशोधनासाठी द्या म्हटलं की समोरचा माणूस आधी चहा मागवतो आणि मग विषय उसावर नेतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांत आमच्या ट्रस्टचं काम मी करते. शाळांमधून हृदयाबद्दल बोलायचं, पत्रकं वाटायची, संशोधनासाठी देणगी मिळवायची. ‘छातीतलं दुखणं अंगावर काढू नका’ हे पत्रक मी स्वतः लिहिलंय, आणि दौंडच्या स्टँडवर त्याच पत्रकात बांधलेली भेळही मी स्वतः खाल्लीय.

मांडवगण फराट्याकडच्या एका वस्तीवर एक मोठे बागायतदार आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांची बायको छातीत कळ येऊन गेली. ग्यास समजून घरच्यांनी तिला सोडा पाजला होता. तिच्या नावानं काहीतरी द्यायचंय असा त्यांचा निरोप आला, तशी मी दौंडहून स्कूटी काढली.

मी संशोधनावर पोटतिडकीनं बोलले. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

“खरं हाय पोरी. पण नाव कुठं टाकायचं?”

“कशावर?”

“संशोधनावर.”

आमच्याकडे शाळेतल्या पंख्याच्या प्रत्येक पात्यावर देणाऱ्याचं नाव असतं. पंखा फिरला की ते कुणालाच वाचता येत नाही, तरी असतं. मी म्हटलं, “आबा, संशोधनावर नाव रंगवता येत नाही.”

“मग ती दिसणार कुठं?”

मी पत्रकं परत पिशवीत टाकली. शेवटी वस्तीवरच्या दवाखान्याला ईसीजीचं मशीन द्यायचं ठरलं. मशीनला बाजू असते, बाजूला नाव येतं.

मला फाटकापर्यंत सोडायला येताना आबा दोनदा थांबले आणि छाती चोळली.

“आबा, दुखतंय?”

“पित्त हाय.”

“चाललं की येतं आणि थांबलं की जातं?”

“व्हय. शहाणं पित्त हाय.”

मी तिथंच भांडले. तुमच्या पत्नी कशानं गेल्या ते विसरलात का, असंही तोंडावर विचारलं. ते म्हणाले, “सोसायटीचं इलेक्शन तोंडावर हाय. मी दवाखान्यात दिसलो की आप्पा गावभर उठवंल, आबाचं काय खरं न्हाई आता.” आप्पा म्हणजे दुसऱ्या पॅनलचे पुढारी. वजनदार, तोंडात कायम तंबाखू, मटणाचं आमंत्रण कधी चुकवलेलं नाही. मी आबांच्या हातात पत्रक ठेवलं. त्यांनी त्यानं चष्मा पुसला.

मशीन आलं. दवाखान्यात हार-नारळ झाले. डॉक्टर आभार मानायला उठले, तेवढ्यात आबा म्हणाले, “चालवून दाखवा.”

यात त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्याकडे मोटर पाणी ओढताना बघितल्याशिवाय कुणी घरी नेत नाही, म्हैस समोर पिळल्याशिवाय सौदा होत नाही. पण मोटरला पाण्याचं पिंप पुरतं, ह्याला माणूस लागतो. सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. आबांचा ड्रायव्हर गाडी सावलीत लावायला गेला. गाडी सावलीतच होती.

“माल मी घेतलाय, मीच बघतो,” म्हणत आबांनी सदरा काढला आणि ते आडवे झाले.

कागद बाहेर आला. डॉक्टरांनी तो बघितला, तारा परत लावल्या, दुसरा कागद काढला. मग हळू आवाजात म्हणाले, “आबा, पुण्याला जावं लागेल. आत्ताच.”

आबा उठून बसले. “मशीन बिघडलंय. बदलून आणा.”

“नवं कोरं आहे, आबा.”

“नवंच बिघाड घेऊन येतंय. आमची मागली मोटर न्हवती का?”

डॉक्टरांनी त्यांना चघळायला गोळी दिली आणि अँब्युलन्सला फोन लावला. मी ओरडत होते, “आबा, पडून राहा!” ते बसूनच हुकूम सोडत होते. मशीन खोटं आहे हे सिद्ध करायला त्यांनी एकेकाला झोपवायला लावलं. आधी दूधवाला, मग देवळातला पुजारी, मग सावलीतून शोधून आणलेला ड्रायव्हर. जी माणसं माझ्या हृदयतपासणी शिबिराचा बोर्ड दिसला की गाडी वळवायची, ती मशीनची चौकशी म्हणून ओळीनं सदरे काढून उभी राहिली! मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. प्रत्येक जण उठून सांगायचा, “माझं बरं हाय,” आणि आबांचा चेहरा आणखी उतरायचा.

गर्दी बघून आप्पा आले.

“ह्याला झोपवा,” आबा म्हणाले. “ह्याचंबी चांगलं आलं तर मशीन भंगारात घाला.”

आप्पांनी तंबाखू थुंकली आणि आडवे झाले. त्यांचंही चांगलं आलं.

“आजचा कागद चांगला म्हणजे काळीज कायमचं चांगलं नव्हे!” मी बजावलं. कुणी ऐकलं नाही.

“बघा!” आबा म्हणाले. “बिघडलंयच.”

आप्पांनी सदऱ्याची बटणं लावली. आबांच्या कपाळावरचा घाम त्यांना दिसला होता. “आबा, मशीन बिघडलं असंल तर माझंबी खोटंच की. चला, दोघंबी पुण्याच्या मोठ्या मशीनवर जाऊ. बघू कुणाचं खरं. का भ्या वाटतं?”

“कुणाला भ्या वाटतं?” आबा म्हणाले, आणि अँब्युलन्स आल्यावर स्वतःच्या तोंडानं स्ट्रेचर मागितलं. आप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले.

पुण्यात आबांच्या हृदयाची एक शीर जवळजवळ बंद निघाली. ती त्याच दिवशी उघडली. आप्पा तिथल्या सगळ्या मशीनवर फिरले आणि वजन कमी करा एवढंच ऐकून परतले.

मी भेटायला गेले तेव्हा आबा संतापानं लाल झाले होते. “ज्वारीची भाकरी माझी, पहाटंचं चालणं माझं, आन् शीर माझीच बंद? त्यो खातो, थुकतो, घोरतो, आन् त्याचं काळीज वासरावानी? मी डॉक्टरला इचारलं, असं का? त्यो म्हणतो, पुरतं कुणालाच ठावं न्हाई, शोध चाललाय.”

“तेच मी तुमच्या ओसरीवर सांगत होते.”

“तू नीट न्हाई सांगितलं. कुठं द्यायचं त्या शोधाला? मला कारण पाहिजे. कवा कळंल?”

“वर्षं लागतील, आबा. बरीच.”

आबांनी छताकडं बघत हिशेब घातला. आपलं वय, आप्पांचं वय.

“म्हंजी तंवर जित्तं ऱ्हावं लागंल,” ते म्हणाले. “त्या गोळ्या कुठल्या कवा घ्यायच्या, परत सांग बरं.”