रोज्याच्या दिवशीचा नमुना

बुधवार, ११ ऑक्टोबर २००६. प्रवासभत्ता एकशे चौऱ्याऐंशी रुपये पन्नास पैसे. एवढी रक्कम आदल्या दिवशी उचलून अब्दुल सत्तार सकाळी सात वाजता अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आपल्या घरातून निघाले. एका हातात बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा, खांद्यावर रिकाम्या बाटल्यांची पिशवी. रमजान चालू होता. पहाटे सेहरी झाली होती. आता संध्याकाळी सहापर्यंत पाण्याचा थेंब तोंडात जाणार नव्हता, आणि दिवसभराचं काम तर पाण्याचंच होतं.

सत्तारभाई अकोल्यातल्याच एका संशोधन केंद्रात परिचर होते. वय छप्पन, निवृत्तीला दोन वर्षं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. वर काळी कसदार जमीन, आणि बोअर मारला तर खाली खारं पाणी. त्या पट्ट्यातल्या एकशे वीस गावांचं पाणी तपासायचं काम केंद्राकडे आलं होतं. ज्या गावांचं पाणी सगळ्यांत वाईट निघेल अशी दहा गावं निवडायची, तिथे पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवायचं आणि तिशीपुढच्या प्रत्येकाचं रक्त तपासायचं, अशी योजना होती. या भागात मूत्रपिंडाचे रोगी जास्त का दिसतात, ते प्रकल्पप्रमुख डॉ. आरती ढोमणे यांना शोधायचं होतं. यंत्रातला गाळणीचा पडदा त्यांच्याच सहकाऱ्यांनी अमरावतीत बनवला होता. खाऱ्या पाण्यात तो किती महिने टिकतो, हेही त्याच दहा गावांत कळणार होतं.

बाटली त्याच पाण्याने तीन वेळा खंगाळायची, काठोकाठ भरायची, चिठ्ठी लावायची, बर्फात ठेवायची. हा नियम सत्तारभाईंनी एकदाही मोडला नव्हता. त्यांचा स्वतःचा आणखी एक नियम होता, तो कुठल्या कागदावर नव्हता. बाटली भरली की ओंजळीत थोडं पाणी घेऊन ते जिभेवर ठेवायचे आणि थुंकून टाकायचे. "हे अडीच हजाराचं आहे," असं ते म्हणायचे, आणि तपासणीत एका लिटरला अडीच हजार मिलिग्रॅमच्या आसपासच क्षार निघायचे. मॅडम हसून म्हणायच्या, "सत्तारभाई, तुमची जीभ विकत मिळाली असती तर मशीनचे पैसे वाचले असते."

रोज्यात मात्र जीभ बंद होती.

त्या दिवशीचं चौथं आणि शेवटचं गाव चिंचगव्हाण. दर्यापूरहून जीपने अर्धा तास. जीपमधून उतरले तेव्हा अडीच वाजले होते. पारावर बसलेल्या माणसांनी पिशवी आणि डबा पाहून एकमेकांकडे नजर टाकली. त्या वर्षी गावात कोणी पिशवीवाला साहेब आला की लोक आधी हेच विचारायचे, "कोनाच्या घरी?" म्हणजे कोणाच्या घरी माणसानं फवारणीचं औषध घेतलं, आणि पंचनाम्यात घर सरकारी मदतीला पात्र होणार की अपात्र.

"कोणाच्याच घरी नाही," सत्तारभाई म्हणाले. "पाणी तपासाले आलो."

"घ्या! आता पान्याचा पंचनामा," एक उंच, हाडकुळा माणूस उठत म्हणाला. "चला जी, दाखवतो तुमाले. पन सांगून ठेवतो, आमचं पानी पात्र करा बाप्पा. आजपर्यंत या गावात काईच पात्र झालं नाही."

त्याचं नाव देवमन. गावाच्या बोअरची मोटर चालू-बंद करायचं काम त्याच्याकडे होतं. पण मोटर चालायला वीज लागते आणि वीज पाच वाजता येणार होती. दर्यापूरकडे जाणारी जीप चार वाजता होती. ती चुकली असती तर रोजा रस्त्यावरच सोडावा लागला असता.

सत्तारभाई क्षणभर घुटमळले. मग त्यांनी विचारलं, "सकाळी भरून ठेवलेलं बोअरचं पाणी घरी आहे का?"

"टाकं भरलं हाय की. चला घरी."

घरी देवमनची बायको लीलाबाई गिलासभर पाणी घेऊन बाहेर आली. सत्तारभाईंनी छातीशी हात नेला. "रोजा आहे, बाई."

"अगं बाई," असं म्हणून ती गिलास तसाच घेऊन आत वळली. देवमनने बाटली तिच्याकडे दिली. "भाऊले भरून दे वं. तीन डाव खंगाळ, त्याइचा नियम हाय."

बाटली खंगाळल्याचा आवाज सत्तारभाईंनी बाहेर बसून ऐकला. एक, दोन, तीन. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी चिठ्ठी लिहिली. बाटली क्रमांक ११२, चिंचगव्हाण, स्रोत बोअर. पंधरा महिन्यांत ही एकच बाटली होती जी त्यांनी आपल्या हाताने भरली नव्हती. ते चारच्या जीपने निघाले आणि अजान व्हायच्या आत घरी पोहोचले. बायकोने, जहाँआराने, खजूर पुढे ठेवले तेव्हा दिवस चांगला गेला असंच त्यांना वाटलं.

जानेवारीत यादी भिंतीवर लागली. चिंचगव्हाणपुढे आकडा होता ३१०, आणि शेरा होता 'पिण्यायोग्य'. शेजारच्या गावांचे आकडे अडीच-तीन हजारांच्या घरात होते. सत्तारभाई यादीसमोर जरा जास्तच वेळ उभे राहिले. जमिनीच्या पोटात गोड्या पाण्याचा एखादा झरा असतोही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. निवडलेल्या दहा गावांत चिंचगव्हाण नव्हतं. यंत्रं मेमध्ये बसणार होती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी कोणी भेटायला आलंय म्हणून त्यांना फाटकावर बोलावलं. देवमन उभा होता. आधी ओळखूच आला नाही. तोंड सुजलेलं, पाय तर इतके सुजले होते की चपलेचे पट्टे कापून टाकले होते. लीलाबाईच्या हातात सरकारी दवाखान्याचा कागद होता.

"अकोल्यात तुमच्याबिगर कोनाले वयखत नाही, भाऊ," देवमन म्हणाला. "डॉक्टर म्हनते दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्याले दोन डाव मशीनवर रक्त धुवा लागते म्हने. म्या म्हनलं, अंगावरचं धोतर आठवड्याले एक डाव धुते आमी, रक्त कुठून दोन डाव धुवावं!" तो हसला आणि हसता हसता भिंतीला टेकला.

सत्तारभाईंनी त्यांना कॅन्टीनमध्ये नेलं. चहा मागवला. लीलाबाईने बशी पुढे ओढली आणि इतक्या महिन्यांचं मनात असलेलं विचारलं.

"भाऊ, त्या दिवशी रोजा सुटला ना नीट? पानी गोड लागलं ना?"

"कोणतं पाणी?"

"अवं, बाटलीतलं. तुमी रोज्याचे. रस्त्यात संध्याकाळ झाली तर रोजा सोडासाठी पानी नेऊन राहिले, असंच वाटलं मले. उपाशी मानसाले खारं कसं द्यावं? पितळी गुंडातलं गोडं भरलं. आठ कोसावरून हे सायकलवर आनत होते, पाहुन्यासाठी ठेवत होतो."

देवमन बायकोकडे बघतच राहिला. "पागल झाली का वं तू? म्या तुले टाक्यातलं सांगतलं होतं!"

"तुमी कुठचं म्हनलं? भरून दे म्हनलं फक्त."

"तपासाले होतं ते, तपासाले!"

लीलाबाईने सत्तारभाईंकडे पाहिलं. "मंग? काय निघालं?"

सत्तारभाईंनी चहा बाजूला सारला. "चांगलं निघालं, बाई," ते म्हणाले. "म्हणून तुमचं गाव यादीत नाही."

मग देवमन हळूच म्हणाला, "म्हंजे पानीबी अपात्र." आणि थोड्या वेळाने, "माह्यं जाऊ द्या. शेजारच्या नत्थुजीचे पाय सुजून राहिले, त्याच्या सुनेचेबी. त्याइचं तरी रक्त तपासा म्हना."

त्या रात्री जहाँआराने नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं. "तुम चुप रहे तो किसको मालूम पडता?" ती म्हणाली. "दो साल बचे नोकरीके. बेटी अफिफाका निकाह करना है." ती स्वतःच थोड्या वेळाने म्हणाली, "वो औरत ने रोजे का पानी समझ के दिया?"

"हां."

"तो फिर जाना पडेगा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि देवमन-लीलाबाईंबरोबर एसटीने दर्यापूर गाठलं. तिथून जीप. जीपवाल्याकडे पाचशेची मोड नव्हती. देवमनने कनवटीची नोट काढून सत्तारभाईंचे बारा रुपये भरले. "राहू द्या जी. द्याल कधी."

वीज येईपर्यंत सत्तारभाई बोअरपाशी बसून राहिले. मोटर सुरू झाल्यावर पाच मिनिटं पाणी वाहू दिलं, बाटली तीन वेळा खंगाळली, भरली. मग ओंजळ जिभेला लावली आणि डोळे मिटले. कडू लागेपर्यंत खारं. "चार हजार," ते म्हणाले. तपासणीत तीन हजार आठशे साठ निघाले.

तो कागद घेऊन ते अमरावतीला गेले. डॉ. ढोमणे राजापेठेत एका शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. खालून मुलांच्या दुचाक्यांचा आवाज येत होता. मॅडमनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला.

"सत्तारभाई, हे तुम्ही मला तोंडी सांगताय. लेखी द्याल?"

"देतो."

"लेखी दिलंत तर ती एकच बाटली रद्द होणार नाही. गावं निवडणारी समिती विचारेल, बाकीच्या त्याच माणसाने आणल्या ना?"

"बाकीच्या मी स्वतः भरल्या, मॅडम. अल्लाची शपथ."

"मला माहीत आहे हो. पण समितीत शपथ चालत नाही." त्या उठून खिडकीशी गेल्या. "रमजानमध्ये तुम्ही चाखून बघत नव्हतात, म्हणजे त्या महिन्यातल्या बाटल्यांना तेवढाही पडताळा नाही. मी विचारलं तर तुम्ही खोटं सांगणार नाही, आणि मला विचारावंच लागेल. दहाच यंत्रं आहेत. विचार करा."

"चिंचगव्हाण यादीत येईल ना?"

"मी भांडेन," त्या म्हणाल्या. "येईल असं नाही सांगत."

सत्तारभाईंनी तिथेच बसून दीड पान लिहिलं. अक्षर नेहमीसारखं टपोरं होतं. खाली तारीख घातली, सही केली.

मॅडम खरोखर भांडल्या. समितीची बैठक एप्रिलच्या शेवटी झाली आणि निर्णयाची प्रत सत्तारभाईंच्या हातात आली. रमजानच्या महिन्यात त्यांनी आणलेले सगळे, म्हणजे सव्वीस गावांचे नमुने संशयास्पद म्हणून रद्द झाले. त्यांतली दोन गावं निवडलेल्या दहांत होती, तीही गेली. त्यांच्या जागी पुढच्या दोन गावांची नावं आली. त्या दोन्ही गावांचं पाणी दोन हजाराच्याही आत होतं. चिंचगव्हाणचा नवा नमुना मुदतीनंतरचा, म्हणून तो धरला नाही. रद्द गावांचा विचार पुढच्या टप्प्यात, निधी आल्यावर. सत्तारभाईंना ताकीद मिळाली आणि बाटल्यांचं काम दुसऱ्याकडे गेलं. त्यांना प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायला बसवलं.

मॅडमनी स्वतःच्या खर्चाने एका रविवारी चिंचगव्हाणला तीस लोकांचं रक्त घेतलं. नऊ जणांचं खराब निघालं. नत्थुजीचं आणि त्याच्या सुनेचंही. त्यांना चिठ्ठ्या दिल्या, अकोल्याला जा म्हणून सांगितलं. पाणी मात्र तेच प्यायचं होतं.

देवमन २ जूनला गेला. एकूण पाच वेळा तो मशीनवर गेला होता. सहाव्या वेळी जीपमध्ये बसायलाच त्याने नकार दिला.

सत्तारभाई दहाव्यानंतर बसायला गेले. पारावर कोणी "कोनाच्या घरी" असं विचारलं नाही. लीलाबाईने सतरंजी टाकली, आत गेली आणि गिलास घेऊन आली. तो हातात देताना ती म्हणाली, "गोडं नाही भाऊ आता. आननारा गेला."

सत्तारभाईंनी गिलास तोंडाला लावला. जिभेने आकडा सांगितला, चार हजार. त्यांनी थुंकलं नाही. एका दमात सगळं पाणी पिऊन गिलास खाली ठेवला.

"माह्याच हातानं झालं ना, भाऊ?" लीलाबाईने विचारलं.

"नाही. बाटली मी भरायला हवी होती. मला जीप गाठायची होती."

तिला ते पटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. निघताना सत्तारभाईंनी खिशातून बारा रुपये काढले. दहाची नोट आणि दोनाचं नाणं. जीपचे राहिले होते, असं सांगितलं.

"मले नका देऊ," लीलाबाई म्हणाली. "ज्यानं भरले त्याचे होते ते." आणि ती रिकामा गिलास उचलून आत गेली.

पुढच्या टप्प्याचा निधी सत्तारभाई निवृत्त होईपर्यंत आला नव्हता. देवमनचे बारा रुपये त्यांच्याकडे अजून बाकी आहेत.