गार ठोकळा

जळक्या रेझिनचा वास मला हल्ली कुठेही येतो. दुधाच्या पिशवीला, उशीला, स्वतःच्या केसांना. घरचे म्हणतात, कसलाही वास येत नाही. नसेल येत. किळस एकदा बसली की नाकाचं कोण ऐकतंय?

आमचं वर्कशॉप सातपूरला, पत्र्याच्या अर्ध्या शेडमध्ये. मी आणि माझा कॉलेजातला मित्र, भागीदारीत. आम्ही ऑप-अँप बनवायचो, म्हणजे आवाजाचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग. बाजारात तो आठ पायांच्या चिपमध्ये वडापावच्या भावात मिळतो. मी तोच सुटे तेरा ट्रान्झिस्टर जोडून केला होता, इतका लहान की चिपच्याच सॉकेटमध्ये बसावा. त्या बोटभर बोर्डापायी माझी दोन वर्षं गेली, आणि मला त्याचा माज होता.

खरं काम जोड्या लावण्याचं. एकसारख्या स्वभावाचे दोन ट्रान्झिस्टर शोधायचे आणि तोंडाला तोंड लावून चिकटवायचे, म्हणजे तापले तरी दोघं बरोबरीने तापतात. बोटाची ऊब लागली तरी मीटरचा आकडा हलतो, म्हणून चिमट्यानेच उचलायचे. वाऱ्यानेही हलतो, म्हणून पंखा बंद. ऐन मे महिन्यात, पत्र्याखाली. "चाललं हिचं सोवळं," असं म्हणत भागीदार घाम पुसत बाहेर जाऊन बसायचा. मी जोड्या लावून डबीत ठेवायचे. पुढचं जोडकाम तो बघायचा.

कुणी डिझाइन चोरू नये म्हणून तयार बोर्ड काळ्या रेझिनमध्ये, वाळून टणक होणाऱ्या राळेत, बुडवून ठोकळा करायचा, ही कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याला बऱ्याच शिव्या घालणार आहे.

मनमाडला आमचे एक गिऱ्हाईक होते. रेल्वेतून निवृत्त झालेले काका, जन्मभर स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केलेले. त्यांच्या बायकोने गायलेल्या भजनांच्या कॅसेट घरात होत्या. ती गेल्यावर त्या नीट उतरवून घ्यायच्या म्हणून त्यांनी माझे दोन ठोकळे मागवले, डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. पहिला, डावा, मी स्वतः बनवून दिला. दुसरा सहा महिन्यांनी भागीदाराने दिला आणि तो काकांच्या टेपमध्ये बसवायला मी गेले.

बाईंचा आवाज सुरू झाला. मी उजवीकडे बोट करून म्हणाले, "काका, ही बाजू ऐका. किती मोकळी आहे!" मग दोन्ही ठोकळ्यांना हात लावून पाहिला. माझा ठोकळा कोमट होतोच, सुटे ट्रान्झिस्टर वीज खातात. डावा कोमट होता. उजवा गार. आणि मी, पंखा बंद करून बसणारी बाई, काय म्हणाले? "या वेळची जोडी एवढी जमलीय, की तापतसुद्धा नाही."  काकांनी चहा टाकला.

या पावसाळ्यात उजवी बाजू घरघरायला लागली आणि काकांनी ठोकळा परत पाठवला. मी गरम हवेने रेझिन मऊ करून खरवडू लागले. धूर डोळ्यांत गेला, घशात गेला. आत माझा बोर्ड नव्हताच. आठ पायांची एक चिप होती, पाठीवरचा नंबर घासून काढलेली. मी कपाट उघडलं. वर्षभराच्या माझ्या जोड्या डब्यांमध्ये तशाच पडून होत्या, माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट.  मोरीत जाऊन चूळ भरली तरी तोंडाची चव जाईना.

भागीदार आला तेव्हा मी ठोकळ्याचे तुकडे त्याच्यासमोर ठेवले. तो लाजला नाही, त्याचीच जास्त किळस आली.

"अरे यार, लोक काळा ठोकळा विकत घेतात," तो म्हणाला. "आत काय ते कोण बघतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि झाकायचं कुणी सुचवलं?"

"चोर आहेस तू."

"असेन. पण तुला तरी कळलं का? मनमाडहून येऊन तूच नाचत होतीस ना, उजवी बाजू बघ म्हणून?"

मी त्या दिवशी भागीदारी मोडली. त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. बरं वाटलं नाही.

मग पंखा बंद करून एक नवा ठोकळा केला. म्हणजे ठोकळा नाहीच, उघडा बोर्ड, सगळे तेरा ट्रान्झिस्टर डोळ्यांना दिसणारे. तो घेऊन मनमाडला गेले आणि काकांना सगळं सांगितलं. त्यांच्या बायकोचा अर्धा आवाज मी एका भंकस चिपमधून जाऊ दिला होता आणि वर त्याचंच कौतुक केलं होतं, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. बोर्ड बसवला, कॅसेट लावली, थोडा वेळ जाऊ दिला आणि हात धुपाटण्यावर धरावा तसा अलगद बोर्डाजवळ नेला.

"हा तापतोय," ते म्हणाले. "याच्या आधीचा तापत नव्हता, ताई. मला तेव्हाच शंका आली होती."

"मग विचारलं का नाही?"

"तुम्ही एवढ्या खुशीत होता. म्हटलं, आपल्यापेक्षा तुम्हाला जास्त कळत असणार."