देवीदासजींची सात दिवसांची ट्रायल

"माह्या घरी बावीस वर्षांत लाइट गेली नाही, तुमचीच कावून जाते?"

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमधले, सेक्टर पाचचे देवीदास काकपुरे हे वाक्य १९८६ साली लहानू मेश्रामला म्हणाले, आणि लहानूच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरचा निकाल लागला. लहानू गेटबाहेरच्या भिलाई-३ हून सायकलच्या कॅरिअरला तो डबा बांधून आला होता. देवीदासजींनी तो सात दिवस टीव्हीला जोडून ठेवला. काटा हलला नाही. हलणार कसा? टाउनशिपची वीज तिथल्या साहेबांसारखीच होती: एकसारखी, निश्चिंत, गेटबाहेर काय चाललंय याची चौकशी न करणारी.

"जो रोगच नाही त्याचं औषध विकून राहिला तू," देवीदासजी म्हणाले. लहानूने डबा पुन्हा कॅरिअरला बांधला. तो जिथे राहत होता तिथे रोज संध्याकाळी वीज इतकी उतरायची की बल्बची वात दिसायची.

देवीदासजी जे करत त्याला भिलाईत अजून नाव नव्हतं. पत्नी वसुंधराबाई त्याला नाद म्हणत. ते स्वतः 'नव्या तंत्राला भांडवल' म्हणत, आणि म्हणताना आवाज खाली आणत, देवघरात आणतात तसा. प्लांटच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागात ते मोठ्या हुद्द्यावर होते. घर बांधायला म्हणून फंडातून उचललेली रक्कम त्यांनी आधी टीव्हीचा अँटेना आपोआप फिरवणाऱ्या मोटरीत घातली. अँटेना फिरायचा, थांबायचा मात्र नाही. मग कुंडल्या जुळवणारा संगणक आला. त्याने आलेल्या प्रत्येक जोडीचे छत्तीस गुण जुळवले. त्यात एक जोडी सख्ख्या भावंडांची होती. दोन्ही वेळा देवीदासजी खचले नाहीत. क्लबात ते अपयशाबद्दल इतकं सुंदर बोलत, की यशस्वी माणसांना आपल्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही असं वाटे.

तिसरा डाव अरुणकुमारवर. रेल्वेतल्या गार्डाचा मुलगा, डिप्लोमावाला, तिशी ओलांडलेला. त्याने धान्याच्या दुकानांसाठी इलेक्ट्रॉनिक तराजू बनवला होता.

"नोकरी सोड," देवीदासजी म्हणाले. "मी मशीनवर नाही, माणसावर पैसा लावतो."

अरुणकुमारने नोकरी सोडली. त्याची बायको कांता घरी शिकवण्या घेऊ लागली. तराजूच्या नकाशात अरुणकुमारने व्होल्टेज सांभाळणारा एक भाग काढला होता. देवीदासजींनी लाल पेन्सिलने त्यावर काट मारली.

"काकाजी, बाहेर लाइट लय वरखाली होते."

"ट्रायल घेऊ ना."

ट्रायल अर्थातच सेक्टर पाचात झाली. सात दिवस देवीदासजींनी कांदे तोलले, कुलपं तोलली, शेजारच्या सुशीलाबाईंचं तान्हं बाळ तोललं. आकडा ग्रॅमभरही चुकला नाही.

"घरातलं सगळं तोलून झालं," वसुंधराबाई म्हणाल्या, "आता तेवढी अक्कल ठेवून पाहा पारड्यात."

टाउनशिपबाहेरच्या जामुलच्या भैयालाल शेठने वीस तराजू घ्यायची तयारी दाखवली. वीस म्हणजे अरुणकुमारच्या घराचा दोन वर्षांचा खर्च. दोघे स्कूटरवर मशीन घेऊन गेले. दुकान माणसांनी भरलेलं. पाच किलो तांदूळ ठेवला, आकडा पाच आला, कुणीतरी टाळी वाजवली. तेवढ्यात शेजारची राइस मिल सुरू झाली. बल्ब पिवळा पडला आणि तराजूने त्र्याऐंशी किलो दाखवले.

"वा साहब! इसको तो मैं घर ले जाऊँगा, बीवी खुश हो जाएगी," भैयालाल म्हणाला. सगळे हसले. मग तो एकटाच हसायचा थांबला.

"इंजीनियर बाबू, यहाँ बिजली कैसी है, मालूम था?"

"मालूम था," अरुणकुमार म्हणाला.

"मालूम था और इलाज नहीं लगाया, तो तुमसे माल नहीं लूँगा. हाँ, किसी और ने निकलवाया हो तो बोल दो. लगाके लाओ, बीस के बीस मेरे."

अरुणकुमारने देवीदासजींकडे पाहिलं. ज्यांना काकाजी म्हणायचं त्यांचं नाव परक्या दुकानात कसं घ्यायचं? त्याच्या घरी तशी रीत नव्हती. तो हळूच मराठीत म्हणाला, "काकाजी, तुमीच सांगा ना यायले."

एक वाक्य पुरलं असतं. 'मी काढायला लावलं.' क्लबात याहून लांब वाक्यं त्यांनी चहा गार व्हायच्या आत सहज संपवली होती. दुकानातली सगळी डोकी त्यांच्याकडे वळली. अरुणकुमारचा हात अजून त्या पाच किलो तांदळावर होता.

देवीदासजींनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. पोत्यावर ठेवलेली स्कूटरची किल्ली उचलली, आणि दारातल्या माणसांना हाताने बाजूला करत ते बाहेर निघून गेले.