क्रॉस कोरलेला नव्हता

हसायचं त्यांनी आधीच हसून घ्या. मी डॉक्टर आहे, इंग्लंडमधल्या स्लाऊजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये वयस्कर पेशंटच्या वॉर्डात काम करते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहा टाकायच्या निमित्ताने उठून जाणारी मीच. तरीही मागच्या हिवाळ्यातलं हे काही केल्या डोक्यातून जात नाही...

बाबा मिरजेला एकटे राहतात. आमचं ठरलेलं – रोज उठल्यावर त्यांनी व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगचं फूल पाठवायचं. फूल आलं म्हणजे सगळं ठीक. नाही आलं, तर मी शेजारच्या काकूंना फोन करायचा. त्या दिवशीही गुलाब आला होता, म्हणून मी निर्धास्त राउंडला गेले.

खिडकीजवळच्या बेडवर आर्थर नावाचे आजोबा होते. रिटायर्ड प्लंबर, जन्म स्लाऊचाच, लग्न नाही, मूलबाळ नाही. युरिन इन्फेक्शनमुळे भ्रमात बडबडायचे. त्या सकाळी मात्र रडत होते.

"मुलीला तिथे ठेवून मी सामान आणायला परत आलो. नात तान्ही होती. पुन्हा पोचेपर्यंत तीन वर्षं गेली. बघतो तर कुणीच नाही. खांबावर फक्त एका जागेचं नाव कोरलेलं. संकटात असलात तर वर क्रॉस कोरा, असं ठरलं होतं. क्रॉस नव्हता."

"मग बरे असतील ना सगळे," मी म्हटलं. पेशंट शांत व्हावा म्हणून आम्ही बोलतोच असं.

त्यांनी माझं मनगट धरलं. "मलाही तसंच वाटलं. वादळ आलं, आम्ही मागे फिरलो. त्या जागी जाऊन पाहिलंच नाही. तुझ्या वडिलांचाही निरोप आलाय ना? कुणाला तरी पाहायला पाठव."

वॉर्डात बाबांबद्दल मी कुणाजवळ अवाक्षर काढलेलं नव्हतं. बाबांना फोन लावला – रिंग वाजतेय, उचलत नाहीत. मग काकूंना लावला. काकांनी दाराची कडी तोडली. बाबा बाथरूममध्ये पडलेले, डोक्याला मार, शुद्ध हरपत चाललेली. फूल पाठवून अंघोळीला गेले आणि पाय घसरला. आणखी उशीर झाला असता तर... डॉक्टर असूनही मला ते वाक्य पूर्ण करवत नाही.

घरी येऊन शोधलं. सोळाव्या शतकात अमेरिकेतल्या रोआनोक बेटावरची इंग्रजांची अख्खी वसाहत अशीच नाहीशी झाली, तिचा गव्हर्नर मुलीला आणि तान्ह्या नातीला तिथे ठेवून सामान आणायला इंग्लंडला आलेला असताना. त्या लोकांचं काय झालं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. खांब, नाव, क्रॉस, वादळ, सगळं तेच. नवरा म्हणतो, टीव्हीवर पाहिलं असेल म्हाताऱ्याने. असेल. पण माझ्या बाबांचा निरोप कुठल्या चॅनलवर लागतो? आर्थर बरे झाल्यावर विचारलं, तर त्यांना काही म्हणजे काही आठवेना. "काहीबाही बोललो असेन, लव्ह. सॉरी हं," म्हणाले.

बाबा नीट बोलायला लागले तेव्हा फोनवर त्यांचा पहिला प्रश्न, "तुला कसं गं कळलं?"

दिवसभर लोकांच्या नातेवाइकांना उत्तरं देणारी मी. म्हटलं, "माहीत नाही, बाबा." आणि खरंच, अजूनही माहीत नाही.

प्रत्येक फोनवर 'मी मजेत आहे, उगाच सुट्टी वाया घालवू नकोस' म्हणणारा हा माणूस.

"घाबरलो होतो गं," म्हणाले. "ये ना एकदा."