चिंचेच्या झाडावरचा बाप

माझी मुलगी जन्माला यायला निघाली, तेव्हा मी झाडावर होतो. चूक सर्वस्वी माझी. (झाडाची नव्हे, ते बिचारं जागचं हललंही नाही.)

कारखाना नवा, पिंपरीतली आमची वसाहत नवी आणि बाप होणारा मीही नवा! कुसुमच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पायांवर सूज होती. चिंचवडच्या सूतिकागृहातल्या नर्सबाईंनी मला बजावलं होतं, "दूध, पालेभाजी, दुपारी आराम. बाळंतपण घरी नको. कळा सुरू झाल्या की लगेच आणा. वाहन दारात हवं!"

मी इतकं मनावर घेतलं, की कुसुमनं तांब्या उचलला तरी धावत जाऊन काढून घ्यायचो. नववा लागताच सदाशिवचा टांगा दिवसभर दारात उभा केला. घोडासुद्धा कंटाळला!

एका दुपारी कुसुम म्हणाली, "गाभुळलेली चिंच खावीशी वाटते हो."

आई आतून ओरडली, "आण रे! डोहाळे पुरवले नाहीत तर पोराची लाळ गळते!"

"हा गेलो, हा आलो!" म्हणत मी दारातल्या टांग्यात बसलो. (होय, त्याच टांग्यात.)

चिंचवडच्या रस्त्यावर झाड गाठलं, चढलो. मी चिंचा खाली टाकतोय, सदाशिव टांग्यात भरतोय.

"साहेब, बास की! शेंड्याला कशापायी?"

"तिथल्या जास्त गाभुळल्यात!"

आणि धोतर फांदीत अडकलं. खाली यायचं, तर ते वरच ठेवून!

एवढ्यात कांद्याची बैलगाडी आली. पोत्यांवर आई, तिच्या मांडीवर डोकं ठेवून कुसुम! मी निघालो आणि कळा सुरू झाल्या. टांगा गायब, म्हणून आईनं दिसली ती गाडी थांबवली होती.

"ह्यो टांगा कुनाचा?" गाडीवानानं विचारलं.

"आमचाच मेला!"

"अन् त्यो झाडावरला?"

"तोही आमचाच!"

कुसुमनं कळ सोसत वर पाहिलं. "अहो, खाली येताय, की पाळणा तिथंच बांधू?"

सदाशिवनं दोघींना टांग्यात घेतलं आणि घोडा पिटाळला. गाडीवानानं माझं धोतर कोयत्यानं सोडवलं. अर्ध्या धोतरानिशी मी कांद्यांवर बसून सूतिकागृहात पोहोचलो.

"रडू नका हो," नर्सबाई दारातच म्हणाल्या. "मुलगी झाली. दोघी सुखरूप. पण आणखी उशीर झाला असता, तर अवघड होतं."

"कांद्यांमुळे पाणी येतंय," मी म्हणालो. (कांदे पोत्यांत होते आणि पोती शिवलेली होती.)

आत जाऊन हात जोडले. "कुसुम, चुकलो. टांगा तुझ्यासाठी होता."

"चिंचा कुठायत?"

आम्ही दोघांनी आईकडे पाहिलं. "काळजीनं खाल्ल्या रे सगळ्या," आई पुटपुटली.

"आणि माफी हिची मागा," कुसुम हसून म्हणाली. "हिला कांद्याच्या गाडीतून फिरवलंत."

मी त्या इवल्याशा गाठोड्यापुढे वाकलो. "बाईसाहेब, चुकलो."

तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेचा थेंब ओघळला.

"बघ! म्हटलं नव्हतं?" आई म्हणाली.

मी पुन्हा माफी मागितली आणि उरलेल्या धोतरानं लेकीचं तोंड पुसलं.