कडुनिंबाला लागलेले फोन

यवतमाळच्या बसस्थानकावर उतरलो तेव्हा नुकतंच उजाडलं होतं आणि माझा उजवा खांदा पार बधिर झाला होता. पुण्यापासून एक अनोळखी गृहस्थ त्यावर डोकं ठेवून झोपले होते. त्यांना उठवायचं म्हणजे काहीतरी बोलावं लागलं असतं, म्हणून मी तसाच बसून आलो. माझा स्वभाव एवढ्यावरून कळावा.

गंमत म्हणजे माझं पोट बोलण्यावरच चालतं. दुसऱ्यांच्या. मोबाइलचे टॉवर कुठं उभारायचे, त्या जागा पाहत मी गावोगाव हिंडतो. निघताना बायको म्हणाली होती, "पोचलात की फोन करा. आणि मी काही विचारलं की नुसतं 'हो' म्हणून ठेवून देऊ नका."

मी 'हो' म्हटलं.

हे माझं जुनं औषध. पलीकडचा बोलत राहतो, माझं लक्ष भलतीकडे असतं. शेवटी त्याचा आवाज वर चढला की समजायचं, प्रश्न आला. आणि हो म्हणून मोकळं व्हायचं. वर्षानुवर्षं काम भागलं. या प्रवासात त्या औषधानं जे केलं ते कुणालाही सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. पण आता घरी सांगून झालंच आहे, तर तुमच्यापासून कशाला लपवू?

यवतमाळहून दिग्रसची एसटी धरली. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उभी होती, बोंडं फुटलेली, पण वेचणाऱ्यांची घाई कुठं दिसत नव्हती. वेचून न्यायचं कुठं, हा प्रश्न होता. दिग्रसला जिनिंगच्या (सरकी काढायच्या कारखान्याच्या) बाहेर बैलगाड्यांची रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. बैल सोडून बांधलेले, गाडीवान गाड्यांखाली पत्ते खेळत बसलेले. भिंतीवर पूर्वी बियाण्याची जाहिरात होती, तिच्यावर सिमकार्डची नवी जाहिरात रंगवली होती. मात्र रंग पातळ लागला असावा. त्यामुळे फोनवर हसून बोलणारी मुलगी प्रत्यक्षात कापसाचं बोंड कानाला लावून बसली होती. समोर एसटीडीची काचेची खोली होती. तिच्यात मालकानं कांद्याची पोती रचली होती आणि तो स्वतः बाहेर स्टुलावर बसून मोबाइलची कव्हरं विकत होता.

चहावाल्यानं माझ्या रेंज मोजायच्या पेटीकडे पाहिलं.

"टावरवाले काय जी, साहेब?"

"हो."

"मंग बसा. तुमची रेंज आन् आमच्या कापसाचा भाव, दोनी एकाच जातीचे. दिसते, पण हाती लागत नाई."

मी यावर काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. चांगलं वाक्य सुचलंही, पण तोवर मी जीपमध्ये बसलो होतो आणि ती आर्णीच्या रस्त्याला लागली होती.

मला जायचं होतं ते एका बंजारा तांड्यावर. या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरत. आता वस्ती करून शेती करतात. घरात गोरबोली बोलतात आणि परक्याशी वऱ्हाडी. तांड्याच्या अलीकडे एक टेकाड लागलं आणि ड्रायव्हरनं न विचारता ब्रेक मारला.

"पाह्यून घ्या साहेब. असं झाड पुण्यात नसन."

टेकाडावर एक मोठा कडुनिंब होता आणि त्याला फोन लागले होते. प्रत्येक फांदीला कापडी पिशव्या लोंबत होत्या. जुन्या फेटियाच्या (बंजारा घागऱ्याच्या) कापडातून शिवलेल्या, लालभडक, आरसे आणि कवड्या टाचलेल्या. वारा आला की अख्खं झाड चमकत होतं. मी फोनची जाळी आणि फोनचे खांब उभारून आयुष्य काढलं. फोनचं झाड प्रथमच पाहिलं.

खाली बाजेवर एक धिप्पाड म्हातारी बकरीला दोरीनं धरून बसली होती. तिचं नाव जमनाबाई, पण सगळा तांडा तिला याडी (आई) म्हणे. आर्णीच्या टॉवरची रेंज या टेकाडापर्यंत कशीबशी चढत होती आणि खाली तांड्यात उतरायला तयार नव्हती. म्हणून सगळ्यांनी आपापला फोन सकाळी इथं आणून टांगायचा, संध्याकाळी लाइट आली तर घरी नेऊन चार्ज करायचा, अशी पद्धत पडली होती. फोन वाजला की पिशवी बघून याडी ओळखे आणि ज्याचा असेल त्याच्या वावराकडे (शेताकडे) तोंड करून हाक मारी. त्या हाकेला टॉवर लागत नव्हता.

"कायदा एकच हाय," ती मला म्हणाली. "फोन ज्याचा, कान त्याचा. दुसऱ्यानं हात लावाचा नाई. मी बी लावत नाई."

एवढ्यात एक पिशवी वाजली. याडी उभी राहिली आणि अशी ओरडली की बकरी खाली बसली. दूरच्या वावरातून एक माणूस धोतर सावरत पळत आला. त्याच्या मागून सहज म्हणून आठ-दहा जणही आले. तो फोनवर आर्णीच्या मेहुण्याशी बोलत होता आणि हे सगळे गोल बसून ऐकत होते. मध्येच एकानं सुचवलं, "त्याले इचार, मोटरसायकल इकली का?" त्यानं विचारलं. उत्तर आल्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. कायदा हात लावण्यापुरता होता, कान लावण्याला कुणाची मनाई नव्हती.

मुक्काम याडीच्या घरी पडला. घरात तिचा मुलगा विलास, पंचविशीचा, कामाला वाघ आणि बोलायला माझ्यासारखा. आम्ही दोघांनी पहिल्याच भेटीत एकमेकांना ओळखलं आणि तासभर काहीही न बोलता छान गप्प बसलो. दोन खोल्यांपैकी एक छतापर्यंत कापसानं भरलेली होती. भाव चढेल म्हणून ठेवलेला. भाव चढेना, कापूस मात्र खोली ओलांडून माजघरात उतरला होता. माझं अंथरूण त्याच्याच पायथ्याशी पडलं. पुण्यात कापसाच्या गादीचं कौतुक असतं. इथं सकाळी उठलो तो अंगभर खाज घेऊन. याडीनं खोबरेल तेलाची बाटली पुढे केली आणि सांगितलं, "कापूस सगळ्यायले खाजवते साहेब. तुमाले तर एका रातीतच पावला."

जेवायला बाटी (ज्वारीची भाकरी), बेसन आणि तिखटाचा ठेचा होता. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा याडीला वाटलं मला तिच्या गोष्टीनं रडू आलं. गोष्ट तिच्या सुनेची होती. सुनिता तिचं नाव. दिग्रसला कॉम्प्युटर शिकलेली, बोलकी. विलासनं हौसेनं मोबाइल घेतला आणि झाडाला नेऊन टांगला. ती म्हणाली, "घरात माह्याशी एक शब्द बोलत नाई, मंग कायले घेतला फोन? आता मी माहेरी जातो. बोलाचं असन तर त्याच्यावरूनच बोलजा." आणि गेली. पोळ्यालाही आली नाही.

"रोज दुपारी मिस कॉल देते," याडी म्हणाली. "एक घंटी, आन् बंद. साऱ्या तांड्याले मालूम हाय. हा काई उलटा फोन लावत नाई."

विलास भाकरी मोडत खाली बघत म्हणाला, "कसा लावू? सारे गोल करून बसतात. बायकोशी बोलू का भाषण देऊ?"

खरं होतं. आजवर मी टॉवर उभारले ते उंची आणि अंतर मोजून. एका माणसाला आपल्या बायकोशी हळू आवाजात बोलता यावं एवढ्यासाठीही टॉवर लागतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी झाडाखाली माझी पेटी उघडून रेंज मोजत होतो. तेवढ्यात याडीची बकरी दोरी तोडून कुणाच्या तरी पऱ्हाटीत घुसली. याडी काठी घेऊन तिच्यामागे धावली. जाताना मला म्हणाली, "साहेब, झाड सांभाळा."

झाड सांभाळायचं म्हणजे काय करायचं, हे विचारायचं राहिलं.

एक पिशवी वाजू लागली. एक घंटी झाली, दोन झाल्या, थांबेचना. याडी दिसत नव्हती. मी हाक मारावी असा विचार केला, पण हाक कुणाच्या नावानं मारू? आणि मारली असती तरी माझी हाक पुढच्या बाभळीपर्यंतसुद्धा पोचली नसती. फोन वाजतच राहिला. मला वाटलं, कुणाचं तरी तातडीचं असेल. मी पिशवीत हात घातला आणि फोन कानाला लावला.

पलीकडे एक तरुण बाई होती. ती गोरबोलीत भराभरा दोन-चार वाक्यं बोलली. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मग ती थांबली, आणि शेवटचे दोन शब्द म्हणताना आवाज वर चढला.

मी 'हो' म्हटलं.

फोन बंद झाला. मी तो पिशवीत ठेवला, पिशवी फांदीला टांगली आणि पेटीतला काटा अतिशय लक्ष देऊन बघू लागलो. काटा स्थिर होता. मी नव्हतो. याडी बकरीला ओढत परत आली.

"कोणाचा वाजला काय?"

इथं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. "लक्ष नव्हतं," म्हणालो. रात्री जेवताना दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यात बाटीचा तुकडा घातला. कशाला होकार दिला होता मी? कुणाची बैलजोडी विकली? कुणाचं लग्न ठरवलं? कापसाच्या ढिगाशेजारी पडून खाजवत राहिलो. या वेळी दोष कापसाचा नव्हता.

सकाळी जीपचा हॉर्न वाजला. तांड्याच्या तोंडाशी एक मुलगी उतरली, हातात पत्र्याची पेटी, अंगावर नवी हिरवी साडी. "सुनिता आली! सुनिता आली!" असा गलका झाला आणि वावरं, चुली, गोठे सोडून माणसं धावली. विलास दारात दगडासारखा उभा. ती सरळ त्याच्यासमोर येऊन थांबली. गोरबोलीत बोलली असती तर मी वाचलो असतो. पण जीपवाल्यालाही ऐकू जावं म्हणून असेल, ती वऱ्हाडीत बोलली.

"काल मी इचारलं, येऊ का? तुमी हो म्हटलं. म्हून आलो."

विलासनं माझ्याकडे पाहिलं नाही, याडीकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. पुढचा शब्द "मी?" असणार हे मला दिसत होतं, आणि त्या एका शब्दावर ती पेटी उचलून त्याच जीपमध्ये बसली असती. जीप चालूच होती.

मी पुढे झालो. इतक्या माणसांपुढे मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. स्वतःच्या लग्नात नाव घ्यायलाही नकार दिला होता.

"ते मी होतो," मी म्हणालो. "फोन मी उचलला. मला भाषा कळली नाही. तरी हो म्हटलं. मी नेहमीच म्हणतो. न ऐकता. काल याडीलाही खोटं सांगितलं. चूक माझी आहे, विलासची नाही."

एवढी वाक्यं सलग आली याचं मलाच नवल वाटलं.  जीपवाल्यानं इंजिन बंद केलं. त्याला पुढचं ऐकायचं होतं. याडी काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

सुनितानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "नवऱ्याचा आवाज मले वळखता येत नाई काय? आन् हे असे पयल्या झटक्यात हो म्हणन काय कधी?"

"मंग आली काहून?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"इतके दिवस घंटी देऊन राह्यली. कोणी तरी हो म्हटलं ना!" मग ती विलासकडे वळली आणि आवाज खाली आला. "आता तुमी सांगा. राहू का जाऊ?"

विलास घामाघूम. त्यानं भोवती पाहिलं. सगळा तांडा गोल करून उभा होता, लहान पोरं बैलगाडीवर चढली होती. त्याचा चेहरा मला आरशातल्यासारखा ओळखीचा वाटला. तेवढ्यात याडीनं काठी आपटली.

"फोन ज्याचा, कान त्याचा! सारे तिकडं तोंड करा! झाडाकडं पाहा! तू बी, जीपवाल्या!"

आणि सगळा तांडा वळला. म्हातारे, बाया, पोरं, जीपवाला आणि मी, आम्ही सगळे पाठ करून टेकाडावरच्या कडुनिंबाकडे बघत उभे राहिलो. वाऱ्यानं आरसे चमकत होते. मागे विलास काहीतरी बोलला. हळू, अडखळत, आणि बराच वेळ. काय बोलला ते कुणालाही ऐकू आलं नाही. मधेच एक पिशवी वाजायला लागली, पण कुणी जागचं हललं नाही.

मग मागून पेटी घरात सरकवल्याचा आवाज आला आणि सुनिता ओरडली, "आधी हा कापूस काढा इथून! झोपाचं कुठी?"

निघताना याडीची माफी मागितली. ती म्हणाली, "कायदा तोडला तुमी. दंड म्हून टावर खाली लावा, तांड्याजवळ." मग तिनं झाडाकडे पाहिलं. "मंग मले कोणी ओरडू देणार नाई, नाई का?" मी म्हटलं, बकरी आहेच की. ती मोठ्यानं हसली. आयुष्यात वेळेवर सुचलेलं माझं हे पहिलं वाक्य.

परतीच्या बसमध्ये शेजारचा गृहस्थ माझ्या खांद्याकडे झुकू लागला तेव्हा मी त्याला उठवलं आणि चक्क गप्पा मारल्या.

घरी पोचल्यावर बायकोला सगळं सांगितलं, झाडापासून खोबरेल तेलापर्यंत. ती भाजी निवडायची थांबली. मी आजारी वगैरे आहे का, अशीही तिला एक शंका आली असावी. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली,

"म्हणजे त्या मुलीला एका शब्दावरून कळलं. मग मला कळत नसेल असं वाटत होतं का तुम्हाला? इतकी वर्षं मी काय विचारते ते न ऐकताच हो म्हणताय ना?"

 मी 'हो' म्हटलं. या खेपेला प्रश्न पूर्ण ऐकून.